प्रत्येक भांडण हरणारा पट्टा

माणसाचा प्राण, त्याची अब्रू आणि त्याच्या कुटुंबाची सुरक्षितता ज्याच्या भरवशावर असते, तो मी. मित्रांनो, मी एक जुना, दुपदरी, अस्सल कातडी कंबरपट्टा आहे. माझे मालक गेलन प्रोचास्का यांचं पिस्तूल माझ्याच आधाराने कमरेला, शर्टाच्या आत, कुणाला दिसणार नाही असं राहायचं. एवढ्या वर्षांत तू संकटातून नेमकं काय वाचवलंस, असं कुणी विचारलं, तर खरं तेच सांगतो. मालकांची पँट.

माझा जन्म अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, एका खोगीरवाल्याच्या दुकानात झाला. त्याने मला कापलं, दोन थर जोडून मेणदोऱ्याने शिवलं आणि पोटभर तेल पाजलं. साधा पट्टा पिस्तुलाच्या वजनाने वाकतो. मी वाकत नव्हतो. मालकही वाकत नव्हते, आणि सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच होतं.

मालकांची मक्याची शेती होती, पण खरं पीक भांडणांचं. शेजाऱ्याशी झाडाच्या पानांवरून, टपालवाल्या बाईशी पेटीच्या उंचीवरून, आणि एकदा तर पाद्रीसाहेबांशी, तेही प्रवचन चालू असताना. असा माणूस जेव्हा पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज करतो, तेव्हा गाव काळजीत पडतं. गाव पडलंही.

परवान्यासाठी वर्ग करावा लागे. अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये आर्डिथबाई तो घेत. बाई पूर्वी पोलिसात होत्या. नेम कसा धरायचा हे शिकायला सगळे अस्तन्या सारून बसले होते. बाईंनी आधी मन तयार करायला घेतलं.

"समजा, तुम्ही गाडी लावणार तेवढ्यात दुसऱ्याने त्या जागेत गाडी घुसवली. प्रोचास्का, काय कराल?"

"खाली उतरून त्याला विचारीन, की बाबा रे..."

"तुरुंगात गेलात. पुन्हा सांगा."

"बरं, काच खाली करून..."

"तुरुंगात. पुन्हा."

मालकांनी मला एक भोक सैल केलं. "दुसरी जागा... शोधीन?"

"शाब्बास. आणि जाताना हसून हात हलवा."

मागून एकाने विचारलं, "आणि बाई, कुणी आईवरून शिवी दिली तर?"

"घरी जाऊन आईला फोन करा. बऱ्याच दिवसांत केला नसेल."

मग बाई गंभीर झाल्या. "नीट ऐका. हत्यार कमरेला लावलंत, त्या क्षणापासून जगातलं प्रत्येक भांडण तुम्ही हरलात. ते वाढलं तर कुठे जाऊन थांबेल, हे तुम्हाला ठाऊक असतं. समोरच्याला नसतं. म्हणून थांबायचं ते तुम्ही. आणि हत्यार असेल त्या दिवशी दारूचा थेंब नाही."

मालक घरी आले ते नापास झाल्यासारखे. नेमबाजीत मात्र ते पहिले आले होते.

सुरुवातीचे दिवस फार कठीण गेले, मित्रांनो. पिस्तूल जागेवर आहे ना, हे बघायला मालक घडोघडी कमर चाचपत. औषधांच्या दुकानातल्या बाईने न विचारताच खाजेचं मलम पुढे केलं. सगळं झाकायला ते एवढा मोठा शर्ट घालत, की मालकीणबाई लवॉन म्हणाल्या, "गेलन, आत आणखी कोण राहतं रे? भाडं तरी घे."

पण बाईंचा धडा मालकांच्या अंगात मुरला. मी कमरेला असलो की ते वाट सोडत, रांगेत पुढे जाऊ देत, चूक नसली तरी माफी मागत. शेजाऱ्याने आपली सगळी पानं आमच्या अंगणात लोटली, तर मालक "छान वारं सुटलंय" म्हणाले. शेजारी घाबरून आत गेला.

अशात मालकांची एकुलती एक मुलगी जनेल हिचं लग्न ठरलं. नवरा मुलगा चांगला होता. त्याचा बाप होता मर्ल स्टुट्झमन. मालक आणि मर्ल शाळेपासून एकमेकांना ओळखत, आणि तेव्हापासूनच भांडत. मालकांचा ट्रॅक्टर हिरवा, मर्लचा लाल. आमच्याकडे ट्रॅक्टरचा रंग म्हणजे कंपनी, आणि कंपनीवरून माणसं जन्मभर भांडतात. साखरपुड्याच्या जेवणात मालकांना बियर प्यायची होती, म्हणून मला त्यांनी घरी खुंटीवर ठेवलं. परत आले तेव्हा त्यांच्या केसांत बटाट्याची कोशिंबीर होती. दोन्ही व्याह्यांनी ट्रॅक्टरच्या रंगावरून एकमेकांना मारायला ती वापरली होती.

जनेल रडली नाही. तेच वाईट होतं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आणखी एकदा असं झालं, तर आम्ही दूर कुठेतरी जाऊन लग्न करू. फोटो पाठवीन तुम्हाला."

लवॉनबाईंनी रात्रभर विचार केला आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, मर्लच्या घरच्या जेवणाला निघताना, मला नवऱ्यापुढे धरलं. "हा लाव."

"अगं, जेवायला चाललोय!"

"म्हणूनच. सगळं लाव."

भांडण होऊ नये म्हणून नवऱ्याला पिस्तूल बांधून पाठवणारी बाई जगात दुसरी नसेल.

मर्लने दारातच बियर पुढे केली. मालक म्हणाले, "आज नको."

"का? हिरव्या ट्रॅक्टरवाल्यांना पचत नाही?"

मालकांचा हात शर्टावरून माझ्यावर आला. "नाही पचत," ते म्हणाले.

मर्ल गोंधळला. टाळी एका हाताने वाजेना. त्याने मक्याच्या पिकाला नावं ठेवली. "यंदा बारीकच आहे," मालक म्हणाले. त्याने ट्रॅक्टरला नावं ठेवली. "लाल दिसतो मात्र झकास," मालक म्हणाले. जनेलने काटा खाली ठेवला. मग मर्लने शेवटचं काढलं, शाळेतल्या फुटबॉलचं. आमच्याकडे त्यात चेंडू हाताने फेकतात आणि झेलतात.

"फुटबॉलच्या अंतिम सामन्यात मी फेकलेला चेंडू तुझ्या हातात आला होता. हातात! आणि तू तो सोडलास. चौतीस वर्षं सांगतोयस, डोळ्यांवर ऊन आलं होतं म्हणून."

मालकांचं पोट ताठलं. माझं बक्कल कुरकुरलं. एक भोक तुटतंय की काय, असं मला झालं.

"सामना रात्रीचा होता," मालक हळूच म्हणाले. "ऊन कुठलं यायला! सुटला माझ्या हातून. तुझी फेक एक नंबर होती, मर्ल."

मर्लचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढंच ऐकायला तो इतकी वर्षं ट्रॅक्टरवरून भांडत होता. त्याने डोळे पुसले आणि उठून मालकांना कडकडून मिठी मारली. मालकांनी अंग चोरलं, पण त्याचा हात कमरेवर पडलाच.

"हे काय रे टणक?"

मालकांनी त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. वर्ग, बाई, हरण्याचा नियम. मर्ल ऐकतच राहिला. "म्हणजे हे कमरेला लावलं की माणूस असा शहाणा होतो?"

"लावून नाही रे. बाईंचं ऐकून."

दुसऱ्या दिवशी लग्न झालं. दोन्ही व्याही एका बाकावर बसले. त्या दिवशी मी नुसताच पट्टा म्हणून गेलो होतो. मालकांना बियर प्यायची होती, आणि भांडायला कुणी उरलं नव्हतं.

आता मालकांचं पोट माझ्या शेवटच्या भोकापलीकडे गेलं आहे. मी कपाटाच्या दारामागे लटकतो आणि माझ्यावर बुरशी चढते. मित्रांनो, कातडं जपायचं असेल तर त्याला वेळच्या वेळी तेल लावा, शेगडीजवळ वाळवू नका. हत्यार जपायचं असेल तर कुलपात ठेवा. तोंड जपायला मात्र शिकवणी लागते. ते घरच्या घरी जमत नाही.

मर्ललाही हे पटलं होतं. कापणी उरकली की बाईंच्या वर्गात नाव घालतो, असं त्याने मालकांना हातावर हात मारून सांगितलं. पण कापणीच्या आधीच आमच्या राज्यातला कायदा बदलला. आता परवाना लागत नाही, म्हणून वर्गही लागत नाही. मर्लने दुकानातून एक पिस्तूल आणि एक पट्टा घेतला. वर्गाला तो गेला नाही.