ज्याच्या हाती पाना

आमच्या घरात एक नियम आहे. तो सासऱ्यांनी केला. सासरे गेले, नियम मागे राहिला. ज्याच्या हाती पाना, त्याच्या बुडाखाली गाडी. म्हणजे गॅरेजात शेवटचा नट ज्याने आवळला, त्यानेच ती गाडी सगळ्यांत आधी चालवून बघायची. आणि त्याने आवळलेला नट दुसऱ्या कुणी तपासायचा नाही. तपासणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं.

गिऱ्हाइकांना हे फार आवडतं. म्हणतात, तुमच्याकडून गाडी डोळे मिटून न्यावी. न्या बापडे.

माझ्या धाकट्या दिराचा डावा गुडघा वाकत नाही. मिसरूड फुटायच्या आत त्याने एका मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचा नट अर्धामुर्धा आवळला, नियमाप्रमाणे गाडी घेऊन निघाला, आणि कोपऱ्यावर चाक एकीकडे गेलं, तो दुसरीकडे. घरात हा किस्सा विनोद म्हणून सांगतात. "गुडघा गेला, पण अक्कल आली." सगळे हसतात, तोही हसतो. मी हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालते. मोडलेले गुडघे रोज माझ्या पुढ्यात येतात. अक्कल आली म्हणून खुशीत आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मुलगी तिसरीत गेली आणि नवऱ्याने ठरवलं की तिला गाडी शिकवायची. तिचं कागदावरचं नाव वेगळं आहे, पण एका जागी टिकत नाही म्हणून सगळे भिंगरी म्हणतात. मुलीच्या जातीला गाडी कशाला, असं मी म्हटलं नाही. तसं म्हणणाऱ्या बायका वेगळ्या. शिकवा, पण माणसांसारखी शिकवा, एवढंच म्हटलं.

त्याने तिच्यासाठी गाडी बनवली. भंगारातल्या तीन गाड्यांचे अवयव काढून एक छोटी गाडी केली. क्लच नाही, गिअर नाही, मूठ पिळली की पळते. पाय टेकावेत म्हणून सीट कापून खाली घेतली. पोटरी भाजू नये म्हणून सायलेन्सरवर जाळी बसवली. खोटं कशाला बोलू, जीव ओतून केली होती. मी मात्र हँडलकडे बघत होते.

"पुढचा ब्रेक कुठे गेला?"

"काढला," तो म्हणाला.

"का?"

"पोरं घाबरली की पुढचा ब्रेक दाबतात आणि तोंडावर आपटतात. आधी मागचा जमू दे. पायाने दाबायचा, हळू."

"आणि मागचा लागला नाही तर?"

"न लागायला काय झालंय? मी बसवलाय."

याच्यापुढे आमच्याकडे बोलणं संपतं.

शिकायची जागा म्हणजे बंद पडलेल्या गोदामामागचं सिमेंटचं पटांगण. एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला माल उतरवायचा ओटा. पटांगण फाटकापासून ओट्याकडे उतरतं. उतार असा की उभ्याने कळत नाही, पण चेंडू ठेवला तर आपसूक ओट्याकडे जातो. भिंगरीचा चेंडू जायचा, मी पाहिलंय. ओट्याच्या कडेला लोखंडी पट्टी आहे, ट्रक घासून घासून तिची धार निघालेली. पहिल्याच दिवशी मी भिंगरीला त्या ओट्याशी उभं केलं. पट्टी तिच्या गळ्याला आली.

"काय मोजतेस गं आई?"

"उंची."

"वाढले का?"

"नाही अजून," मी म्हटलं.

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "तिकडे जायचंच कशाला तिने? अर्ध्यात वळायचं शिकवलंय मी तिला."

आणि ती वळायची, हे खरं. दर सुट्टीला जाऊन जाऊन ती चांगली चालवायला लागली. मोठं हेल्मेट डोक्यावर, आत फोमचे तुकडे कोंबलेले, मानेवर भोपळा ठेवल्यागत. गाडी अर्ध्यात आली की गुडघा बाहेर, डोळे पुढे, आणि झोकात वळण. दीर फाटकाच्या दगडावर बसून शिट्ट्या मारायचा. "वहिनी, पोरगी आमच्या घराण्याची निघाली हो." मी म्हणायचे, "तेच तर म्हणतेय मी भाऊजी." तो हसायचा. त्याला प्रत्येक गोष्टीचं हसू येतं. पाय सरळ ठेवून बसलेला माणूस हसला की सगळा हलतो.

मी नको म्हटलं की बाप आणि लेक माझी ड्युटी असताना जायचे. मग मी नको म्हणणं सोडलं आणि सुट्टी जुळवून सोबत जायला लागले. बघणारं एक तरी माणूस असावं.

आणि मग एका सकाळी जेवणाच्या टेबलावर नवऱ्याने तिच्यापुढे पाना ठेवला. छोटा, दोन्ही तोंडांचा, घासून चकचकीत केलेला. त्याच्या वडिलांनी त्याला दिलेला.

"आजपासून तुझ्या गाडीचं काम तुझं."

भिंगरीने तो दोन्ही हातांनी उचलला. त्या दिवसापासून तो तिच्या उशाखाली. शाळेतून आली की आधी पाना, मग पाणी.

"नऊ वर्षांच्या पोरीच्या मनगटात जोर असतो का?" मी विचारलं. "मला विचारा. मनगटं मला कळतात."

"जोर नाही लागत. लक्ष लागतं."

"मग एकदा तुम्ही बघत जा, तिने केल्यावर."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या मेलेल्या बापाला शिवी दिली. "मी बघणार हे तिला कळलं, की ती कशाला बघेल? आमचा बाप बघायचा नाही. म्हणून आम्ही शिकलो."

"एक शिकला. दुसरा लंगडला."

"तोही शिकलाच की," दीर दारातून म्हणाला, आणि हसला.

ज्या दिवसाचं सांगतेय, त्या दिवशी गाडीचं मागचं चाक पंक्चर होतं. गॅरेजच्या दारात भिंगरीने बापाच्या देखत चाक काढलं, पंक्चर त्याने काढलं, चाक परत तिने बसवलं. मोठा नट आवळायला तो पान्याला नळीचा तुकडा जोडून द्यायचा, ती त्यावर लोंबकळायची. तेवढा घट्ट बसला. मग राहिला ब्रेकचा रॉड. पायातल्या ब्रेकपासून मागच्या चाकापर्यंत एक सळई जाते, तिच्या टोकाला छोटा नट. तो नट आहे तोवर ब्रेक आहे. चाक काढायचं तर तो काढावा लागतो.

ती उकिडवी बसून तो लावत होती. जीभ बाहेर, नाकावर काळा डाग. तेवढ्यात दीर रस्त्यावरच्या कुणाची तरी नक्कल करून दाखवायला लागला, पोटावर हेल्मेट धरून चालणाऱ्या माणसाची. भिंगरी वळून बघायला लागली आणि खो खो हसली. मग उठली, आणि हात फ्रॉकला पुसले, अगदी बापासारखे, आधी तळवे, मग उलटे.

मला काही कळलं नाही, पण काहीतरी खटकलं. प्लास्टरच्या खोलीत कधी कधी असं होतं. पेशंट हसत असतो आणि त्याचा पाय मला आवडत नाही.

"झालं?" बापाने विचारलं.

"झालं."

त्याने मान हलवली. गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. मुद्दाम नाही बघितलं.

पटांगणावर पोचलो. नियम काय, तर पाना तिच्या हाती होता, आता तिने आधी बसायचं. तिने हेल्मेट घातलं. मी तिच्या आणि गाडीच्या मध्ये उभी राहिले.

"अहो, एकदा हात लावून बघा. मी पाया पडते पाहिजे तर."

"वहिनी, उगाच पोरीला घाबरवू नका," दीर म्हणाला. "घाबरलेला माणूस पडतो."

"तुम्ही घाबरला होतात का भाऊजी?"

तो हसला नाही, डावा गुडघा चोळायला लागला.

नवरा हळू आवाजात म्हणाला, "तिच्यासमोर तिचा नट मी तपासला, तर ती या जन्मात पाना हातात धरणार नाही. तुला ते पाहिजे का?"

"हो," मी म्हटलं.

"आई, सरक ना," भिंगरी म्हणाली. "मी नीट लावलाय." आणि मग जरा थांबून, "वाटतं."

ते 'वाटतं' मी ऐकलं. बापाने ऐकलं. दिराने ऐकलं. तिघांनी ऐकलं, आणि त्यांतल्या दोघांनी आपली नजर पटांगणावर टाकली, जणू तिकडे काही बघण्यासारखं होतं. एवढे मोठे पुरुष, गाडीचा आवाज ऐकून आजार सांगणारे, आणि पोरीच्या एका शब्दाला हात लावायची छाती नाही.

मी भिंगरीच्या खिशातला पाना काढून घेतला. खाली वाकले, मला जो दिसला तो नट धरला, चाकाचा मोठा नट, आणि सगळा जोर लावला. तो जेमतेम सरकला असेल.

"आता पाना माझ्या हाती," मी म्हटलं. "बोला."

मला वाटलं होतं नवरा म्हणेल, वेडी आहेस का. मग म्हणेल, थांब, आधी बघतो. मी त्यासाठीच केलं होतं. तो बघेल म्हणून. तिच्यासाठी नाही बघणार, तर माझ्यासाठी तरी.

तो म्हणाला, "बरं. मग बस."

दिराने स्वतःचं हेल्मेट मला दिलं. पट्टा त्यानेच लावला. त्याचे हात गार होते.

मी आयुष्यात गाडी चालवलेली नव्हती. मागे बसले होते, एवढंच. ती पोराटोरांची गाडी, माझे गुडघे हँडलला लागत होते. भिंगरी कानाशी येऊन सांगायला लागली, "मूठ थोडीच पिळ. ब्रेक उजव्या पायाखाली. अर्ध्यात वळ हं आई, पुढे जाऊ नकोस." माझी पोरगी मला शिकवत होती. त्या क्षणी ती किती खूश होती, ते मी विसरू शकत नाही.

फाटकापाशी ब्रेक दाबून पाहिला. लागला. मला वाटलं, चला, आपणच वेड्या. मूठ पिळली. गाडी खडखडत निघाली, सिमेंटच्या सांध्यांवर दात वाजले. परत ब्रेक दाबला, लागला. थोडं पुढे गेले. मग पाठीमागे काहीतरी टिणकन वाजलं. वाटीत चमचा पडावा तेवढाच आवाज.

अर्ध्यात आले तेव्हा पाय दाबला. ब्रेक सरळ खाली गेला आणि जमिनीला घासायला लागला. खाली काहीच नव्हतं. मी मूठ सोडली. इंजिन मंद झालं, गाडी झाली नाही. न दिसणारा तो उतार मला आता बुडाखाली नीट कळत होता. वळायचं कसं ते मी शिकलेच नव्हते. ओटा मोठा होत आला. पट्टी दिसली. तिच्यावरचे ट्रकच्या रंगाचे ओरखडे दिसले, निळे, लाल. आणि मला एकच गोष्ट दिसत होती, की पट्टी माझ्या छातीला येतेय. माझ्या छातीला. म्हणजे गळ्याला नाही.

मी हँडल ओढलं आणि गाडी आडवी पाडली. येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, पडताना हात पुढे करू नये. मी हात पुढे केला.

गाडी एकटीच घसरत गेली आणि ओट्यावर आपटली. हँडलचं एक टोक पट्टीवर बसून वाकलं.

नंतर मी माझ्याच खोलीत, माझ्याच टेबलावर. डॉक्टरांनी हाड बसवलं, प्लास्टर घालायला सोबतिणीला सांगितलं. ती प्लास्टरची पट्टी पाण्यात भिजवून गुंडाळत होती आणि मला हसवायला बघत होती. "बाईसाहेब, आज पेशंटच्या जागेवरून बघा जरा आमचं काम." तिघंही भिंतीपाशी उभे होते. दीर पुढे आला.

"वहिनी, हात गेला, पण..." एवढं म्हणाला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. पुढचं गिळलं. बाहेर जाऊन बाकावर बसला, पाय सरळ पुढे.

भिंगरीची मूठ बंद होती. तिने ती माझ्यासमोर उघडली. आत तो छोटा नट.

"पटांगणात सापडला," ती म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "मीच लावला होता. भाऊकाका नक्कल करत होते ना, तेव्हा दोनच फेरे झाले होते. मग मी विसरले."

"असू दे," मी म्हटलं. तिला जवळ घ्यायला डावा हात पुढे केला. ती आली. माझ्या प्लास्टरवर तिने बोट ठेवलं, हलकेच.

"आई, हा उजवा हात आहे ना?"

"हो."

"म्हणजे आता तुला पाना धरता येणार नाही."

"बरं होईपर्यंत नाही."

तिने विचार केला. तिचा विचार मला दिसत होता, बापासारखी खालचा ओठ चावते.

"मग पुढच्या सुट्टीला मीच," ती म्हणाली. "आता मी कधीच विसरणार नाही, आई. खरंच."

मी नवऱ्याकडे पाहिलं. आयुष्यात एवढी मी कुणाकडे पाहिलेली नाही. त्याने तिच्या हातातला नट उचलला, उजेडाकडे धरून त्याचे आटे पाहिले, पँटला पुसला. त्याचे डोळे ओले होते, आणि त्या डोळ्यांत जे होतं ते मला ओळखता आलं. अभिमान होता.

त्याने नट तिच्या तळहातावर परत ठेवला आणि तिची बोटं मिटली.

मी उठायला गेले. सोबतिणीने खांदा दाबला. प्लास्टर घट्ट होताना आतून गरम होत जातं, आणि ते होईपर्यंत माणसाने हलायचं नसतं.