डाव्या मडगार्डचा पोचा

महिपतरावांचा राग शहराच्या अख्ख्या लष्कर भागाला ठाऊक होता. टोपी बाजारातल्या त्यांच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक आधी शेजारच्या दुकानदाराला विचारायचं, "आज कसे आहेत?" आणि मगच पायरी चढायचं. त्यातून एका माणसाचं नाव तर त्यांच्यापुढे काढायची सोयच नव्हती. तो माणूस म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, संभाजीराव.

भांडण फोर्ड गाडीवरून. संस्थान विलीन झालं तेव्हा मोटारखान्यातल्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यांतली एक वडिलांनी, आबासाहेबांनी, घेतली होती. आबासाहेब गेल्यावर घर वाटलं, शेत वाटलं, भांडीकुंडी वाटली. गाडी काही वाटता येईना. हा म्हणे माझी, तो म्हणे माझी. मध्यस्थ म्हणून बसलेले मामासाहेब शेवटी वैतागून ओरडले, "मग फाडून घ्या अर्धी अर्धी!" शहाण्या माणसांनी यावर खाली मान घातली असती. या दोघांनी मिस्त्री बोलावला. इंजिन, चाकं आणि सांगाडा महिपतरावांना. बॉनेट, दारं, मडगार्ड, बोल्ट काढून जेवढा म्हणून पत्रा सुटला तेवढा संभाजीरावांना. डावं मडगार्ड हातगाडीवर चढत असताना महिपतरावांचा तोल सुटला. "ने! हेही ने!" म्हणत त्यांनी जॅकचा दांडा उचलला आणि असा हाणला की पत्र्याला बशीएवढा पोचा पडला. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांचं दार पाहिलं नाही.

इंजिन महिपतराव दर रविवारी चालू करून बघत. उघड्यानागड्या सांगाड्यावर बसून ते अ‍ॅक्सिलरेटर दाबत, आणि गल्लीतली माणसं तोंड फिरवून हसत. हसणाऱ्यांना शिव्या पडत, तो भाग वेगळा.

आणि मग राज्याचीच वाटणी झाली. छत्तीसगड वेगळं निघालं, सरकारी नोकर इकडचे तिकडे झाले आणि संभाजीराव रायपूरच्या वाट्याला गेले. घरची मंडळी पुढे गेली होती. मागे राहिलेलं सामान ट्रकमध्ये भरून तेही निघणार होते.

"भावजी शनिवारी चाललेत," मंदाताई नवऱ्याला म्हणाल्या. "एकदा जाऊन तरी या."

"त्यानं यावं. धाकटा तो आहे."

"आणि नाही आले तर?"

"तर मी जाईन. पण गाडीतून! अख्खी गाडी घेऊन त्याच्या दारावरून हॉर्न वाजवत जाईन. बघू दे त्याला, त्याच्या पत्र्यावाचून माझं काही अडत नाही ते."

हे नुसतं बोलणं नव्हतं. लग्नाच्या मंडपांसाठी फायबरचे हंस आणि सिंहासनं बनवणाऱ्या कुशवाहला त्यांनी गाडीच्या सगळ्या पत्र्याचं काम कधीच देऊन टाकलं होतं. नमुना कुठून आणशील, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, "मिल जाएगा साहब, आप बेफिकर रहो." झाशी-इंदूरकडे कुणाची तरी तसलीच फोर्ड असेल, अशी महिपतरावांनी समजूत करून घेतली.

कुशवाह उगवला तो नेमका शनिवारी. सकाळपासून वाट बघून महिपतरावांचं डोकं आधीच तापलेलं. त्यात भोकं जुळेनात. दार एका बाजूनं फुगलेलं, बॉनेट कोपऱ्यात उचललेलं. फायबर जोरात आवळलं की तडकतं, म्हणून प्रत्येक बोल्टखाली रबराचा वायसर घालायचा आणि जपून, हलक्या हातानं फिरवायचा. महिपतरावांच्या स्वभावाला ही शिक्षाच होती. तरी दात-ओठ खात त्यांनी दारं बसवली, बॉनेट बसवलं, उजवं मडगार्ड बसवलं. मग कुशवाहनं टेम्पोतून डावं मडगार्ड उतरवलं.

त्यावर बशीएवढा पोचा होता.

"हे काय आणलंस?" महिपतराव गरजले. "नवं कोरं म्हणून पोचा पडलेला माल गळ्यात मारतोस?"

"साहब, साँचा तो असली माल पे से उतरता है. जो उसमें था, वही इसमें आ गया."

"असली? कुठला असली?"

कुशवाह जमिनीकडे बघायला लागला. "छोटे साहब के यहाँ से लिया. और किसके पास है? मैं तो पुट्टी भर के साँचा लेने वाला था. उन्होंने ही रोका. बोले, इसे मत भरना, ये दादासाहब का है."

महिपतरावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दादासाहेब म्हणतो आणि जाता जाता चिडवतो काय! आमच्याच गाडीवर आमचीच शोभा!

"अभी भर देता हूँ," म्हणत कुशवाहनं पुट्टीचा डबा उघडला.

"हात लावू नकोस! याचा जाब विचारायचाय मला."

मडगार्ड त्यांनी स्वतः आवळलं आणि रंग न दिलेली ती करडी गाडी तशीच बाहेर काढली. नया बाजारच्या गर्दीतून ते हॉर्न वाजवत निघाले, रिक्षावाल्यांना शिव्या घालत निघाले, आणि भावाच्या दाराशी येऊन कचकन थांबले. ट्रकला दोर बांधणं चाललं होतं. वरच्या बाजूला जुन्या रजयांमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि त्यातून खऱ्या बॉनेटचं टोक डोकावत होतं.

संभाजीराव पुढे आले. केस पार पांढरे झाले होते. ते कधी झाले, हे महिपतरावांना माहीत नव्हतं, आणि याचाही त्यांना संताप आला.

"हे काय आहे?" त्यांनी मडगार्डकडे बोट दाखवलं.

"पोचा आहे. तुमचाच."

"मला खिजवतोस?"

"खिजवत नाही!" आता संभाजीरावांचाही आवाज चढला. "दादासाहेब, दाराशी येऊन एक शब्द टाकला असता तर सगळा पत्रा दिला असता. मी कधी मना केलं? तुम्हाला प्लास्टिक चाललं, माझं दार नाही चाललं. बाकी पत्रा माझा होता. हा पोचा माझ्या वाटणीत नव्हता. म्हटलं, ज्याचा त्याला परत जाऊ दे."

"आणि तो पत्रा कुठं नेतोस?"

"रायपूरला."

"तिथं काय करणार त्याचं?"

"तुम्ही इंजिनाचं काय केलंत इतकी वर्षं? तेच."

महिपतरावांनी उगाचच हॉर्न दाबला. जाऊ नको म्हणायला ते कधी शिकलेच नव्हते. ट्रकवाल्यानं गाडी चालू केली आणि हाक मारली, "साहब, निकलें?"

संभाजीराव वळले.

"कुठं चाललास? बस इथं!" महिपतराव ओरडले. "झाशी रोडच्या नाक्यापर्यंत सोडतो. ट्रक येईल मागून."

"दादासाहेब, उशीर होतोय—"

"बस म्हणतो ना!"

संभाजीराव गाडीला वळसा घालून आले, जाता जाता पोच्यावरून तळहात फिरवला आणि शेजारच्या सीटवर येऊन बसले.

"दार हळू लाव," महिपतराव समोर बघत खेकसले. "प्लास्टिकचं आहे."