वाळा की मोगरा

माठावरचं झाकण टक् करून वाजलं, दुपारची शांतता मोडली आणि माझा चेहरा गेला. यंदा जरा लवकरच. आमच्या पेठेत उन्हाळा लागला की चेहरे जातात, ते श्रावणात परत येतात. तोवर माणसं वासावरून ओळखायची.

रेवू झोपली होती. तीन वर्षांची आहे. ती उठायच्या आत मला वास ठरवायचा होता. जागी झाल्यावर पहिला जो वास येईल, तोच श्रावणापर्यंत तिची आई.

अत्तरवाले मुनीरभाई दारात पेटी उघडून बसले होते.

"हलकं काहीतरी द्या. थंड."

"हलके दोनच उरलेत, वहिनी. वाळा नाहीतर मोगरा. तुमच्या साहेबांसारखा कापूर नका मागू. गेल्या वर्षी महिनाभर लोक त्यांना नमस्कार करत होते."

त्यांनी माझ्या डाव्या मनगटावर वाळा लावला, उजव्यावर मोगरा. वाळ्याच्या वासाने रेवूला गाढ झोप लागते. मोगऱ्याने ती झोपेतही हसते. मी हे हुंगलं, ते हुंगलं, परत हे हुंगलं.

"एक पुसा लवकर," मुनीरभाई म्हणाले. "समोर बघा."

समोरच्या घरात कुऱ्हाडेवहिनींची दोन्ही मुलं उंबऱ्यावर बसली होती. वहिनींनी गेल्या उन्हाळ्यात दोन्ही अत्तरं ठेवली होती; श्रावणात चेहरा परत आला, तरी मुलांना ओळख पटली नाही. आता त्या मुलांच्या मागे ताटं घेऊन उभ्या होत्या.

"जेवायला चला रे," त्या म्हणाल्या.

"आई आल्यावर," धाकटा रस्त्याकडे बघत म्हणाला.

मी न्हाणीघरात धावले. कुठलं पुसायचं ते ठरेना, म्हणून दोन्ही मनगटं साबणाने घासली. मनगटं धुऊन गेली. मग हात गेले. वास तेवढे राहिले, एक डावीकडे, एक उजवीकडे.

"मुनीरभाई, दोन्ही काढून घ्या ना."

"कशावरून काढू, वहिनी?" त्यांनी पेटीची कडी लावली आणि ते उठले.

आत पलंग वाजला. रेवू उठून बसली होती. मी दारात थांबले. वास थांबले नाहीत, ते पलंगाच्या दोन बाजूंना जाऊन बसले.

रेवूने डावीकडे वळून श्वास घेतला. "आई," ती म्हणाली.

मग उजवीकडे वळली. हसली. "आई."

मग तिने समोर, दाराकडे पाहिलं आणि चादर हळूच गळ्यापर्यंत ओढली.

"आई, ते दारात कोण उभं आहे?"