काचेमागची खडूची रेघ

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे, जलरंगातले. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदावर मला एका शिंपीकाकांनी रंगवले, कामातून उसंत मिळेल तसतसे. माझ्यात त्यांचे शिवणाचे टेबल आहे, कात्री आहे आणि निळ्या कापडावर पांढऱ्या रेघेने आखलेली एक बाही आहे.

काकांनी मला काचेच्या फ्रेममध्ये बसवून घरात टांगले. येणारेजाणारे वाहवा करत आणि मी फुशारून जाई. पुढे काका गेले. काकूंची नजर अधू झाली. समोरच्या खिडकीचा उजेड काचेवर पडे, त्यामुळे त्यांना माझ्याऐवजी खिडकीचा पडदाच दिसे. हळूहळू त्यांनी माझ्याकडे बघणेच सोडले. मी मनातून फार खट्टू झाले.

एके दिवशी काकूंची लेक मला आणि आईला घेऊन फ्रेमवाल्याकडे गेली.

"दादा, काच नकोच. आईला चित्र दिसलं पाहिजे."

"काढू की! वरून मेण चोळतो. पाण्याचा थेंब उडाला तरी पुसून घ्यायचा."

काच निघाली. किती वर्षांनी मला वारा लागला! फ्रेमवाल्याने फडक्यावर मेण घेतले, तोच काकू ओरडल्या, "अहो, थांबा! ती बाही रंगाची नाही, खडूची आहे!"

फडके हवेतच थांबले. माझा तर जीव टांगणीला लागला.

झाले होते असे, की ऐन वेळी पांढरा रंग संपला. काकांनी सवयीने खिशातला कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि बाही आखून टाकली. फडक्याचा एक हात फिरला असता, तरी पुसली गेली असती ती. इतकी वर्षे काचेनेच तिला सांभाळले होते, आणि हे काकूंखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते.

"बरं झालं बोललात, मावशी," फ्रेमवाला घाम पुसत म्हणाला. मग त्याने लांबूनच पातळ वार्निशचा फवारा मारला, वाळू दिला, पुन्हा मारला. रेघ जराशी फिकी झाली, पण जागची हलली नाही. त्यावरून मेणाचा हलका हात फिरला आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला.

घरी मला टांगल्यावर काकू अगदी नाक टेकेल इतक्या जवळ आल्या. बघता बघता हसतच सुटल्या. "अगं, माझ्या ब्लाउजची बाही आखूड आखलीय यांनी! आणि जन्मभर मलाच म्हणायचे, तुझेच हात लांब!"

मित्रांनो, जुने चित्र पुसायला घेण्याआधी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा. मला उन्हात टांगू नका, ओले हात लावू नका. काकूंना अजून काकांशी पुष्कळ भांडायचे आहे.