सातवी ‘ब’ची हजेरी

साडेअकराच्या सुमारास वीज गेली आणि शाळेच्या भिंतीपलीकडचे, नारपोलीतल्या कापड कारखान्यांचे लूम एकदम गप्प झाले. सातवीच्या गणिताच्या पेपरला बसलेल्या मुलींना हायसं वाटलं. ठाण्याहून आलेले पर्यवेक्षकही खुर्चीत सैलावले. व्हरांड्यात पाणी द्यायच्या ड्युटीवर असलेल्या त्यांच्या वर्गशिक्षिका कलावतीबाई मात्र खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. गेलेली वीज कधीतरी परत येणार होती.

तिसऱ्या बाकावर तुळजा होती. दोन वर्षांपूर्वी, एकोणीसशे पंच्याहत्तर साली, ती बापाला, चिंधूला, डबा द्यायला कारखान्यात गेली होती. वीज नव्हती म्हणून चिंधू लूममध्ये हात घालून अडकलेला धागा सोडवत होता. अचानक वीज आली आणि पोरीच्या देखत त्याची दोन बोटं गेली. तेव्हापासून बंद लूम एकदम सुरू झाले की तिचा श्वास कोंडायचा, हातपाय गार पडायचे. सहामाहीला तिने गणिताचा पेपर कोराच दिला होता. आता नापास झाली तर शाळा बंद, कारखान्यात धाग्याच्या कांड्या भरायला बसवायची, असं चिंधूने ठरवून टाकलं होतं.

कलावतीबाई वळ गावच्या. त्यांचे वडील रोज बुद्धवंदना झाली की डोळे मिटून आपल्या श्वासाकडे लक्ष देत बसत. दिवाळीनंतर बाईंनी तेवढंच वर्गात आणलं. पाच मिनिटं डोळे मिटायचे. श्वास आत येतो, बाहेर जातो, ते नुसतं बघायचं. मंत्र नाही, प्रार्थना नाही. महिन्याभरात तुळजा बरीच सावरली. पण दोन पालकांनी लेखी तक्रार केली की बाई आपला धर्म पोरींच्या डोक्यात भरतात. मुख्याध्यापक चौधरी सर मनाने वाईट नव्हते, भित्रे होते. त्यांनी हे सगळं बंद करण्याचा हुकूम काढला. त्याला पंधरा दिवस झाले होते.

वीज आली. शे-दीडशे लूम एकाच वेळी खडखडले. तुळजाच्या हातून पेन निसटलं. तिचं तोंड उघडं पडलं, पण श्वास आत जाईना. पर्यवेक्षकांना ते ढोंग वाटलं. लिही मुकाट्याने, म्हणून त्यांनी तिला दटावलं.

बाई खिडकीतून बघत होत्या. पेपर चालू असताना शाळेच्या शिक्षकाने खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा नियम त्यांना पाठ होता. कॉपी पुरवल्याचा ठपका बसला असता तर बारा वर्षांची नोकरी एका दिवसात गेली असती. त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि त्या आत शिरल्या.

“बाई, बाहेर व्हा आधी,” पर्यवेक्षक ताडकन उठले.

बाई तुळजासमोर खाली बसल्या. “डोळे मिट. श्वास कुठं हाय, बघ.”

“न्हाय येत, बाई.”

“येतोय. थोडाच हाय, पण हाय. तेवढाच बघ.”

पर्यवेक्षकांनी शिपायाला हाक मारली. बाई हलल्या नाहीत. लूम खडखडतच होते. हळूहळू तुळजाचे वर चढलेले खांदे खाली आले. तिने डोळे उघडले, पेन शोधलं आणि मान खाली घातली. मग बाई उठल्या आणि पर्यवेक्षकांपुढे दोन्ही रिकामे हात पसरून उभ्या राहिल्या. त्यांनी काही तपासलं नाही, फक्त बाईंचं नाव लिहून घेतलं.

तुळजा गणितात अडतीस गुण मिळवून सुटली आणि आठवीत गेली. बाईंच्या नावे वरच्या कार्यालयाचं पत्र जूनमध्ये, शाळा उघडली त्या दिवशी आलं. ताकीद शेवटची होती. पुन्हा तुमच्या वर्गात मिटलेले डोळे दिसले तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं चौधरी सर खाली बघत म्हणाले. बाईंनी सही केली आणि त्या नव्या सातवी ‘ब’मध्ये गेल्या.

बेचाळीस नव्या मुली. कुठली कशाला भिते, कुणास ठाऊक. बाईंनी हजेरीपट उघडला.

“कमळा लहानू.”

“हजर, बाई.”

पुढचं नाव त्यांनी लगेच घेतलं नाही. एक श्वास सावकाश आत घेतला, सावकाश सोडला, मग नाव घेतलं. पुन्हा थांबल्या. मुली आधी चुळबुळल्या, एकमेकींकडे बघून हसल्या. मग आपलं नाव कधी येतं म्हणून कान देऊन बसल्या. विसाव्या नावापर्यंत वर्ग निवला.

फेरीवर निघालेले चौधरी सर दाराशी येऊन थांबले. सगळ्या मुलींचे डोळे उघडे होते, बाईंचेही. सरांनी घड्याळात पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि ते पुढे गेले.

बाईंनी पुढचं नाव घेण्याआधी एक श्वास घेतला.