नंदीच्या मागं

चुकलेलं गव्याचं वासरू उसातनं गडमुडशिंगीत आलं आन महादेवाच्या देवळाभवतीनं उजव्या अंगानं फिराय लागलं. माणसाला भ्यायचं न्हाय, गवताला तोंड लावायचं न्हाय. झालं, नंदी प्रदक्षिणा घालतोय म्हणून गाव लोटलं. महादेवाची पन्हळ ओलांडायची नसती, हे शेंबड्या पोरालाबी ठावं. ते तर दर फेरीला ओलांडत हुतं. पर अक्कल गहाण ठेवल्याली माणसं, नंदीला कसलं बंधन म्हणाली.

माझी शेजारीण बसम्माक्का सगळ्यात पुढं. तिच्या सुनंला, भूमिकाला, मूल न्हवतं. यंदा न्हाय झालं तर लेकाचं, वीरेशचं, दुसरं लगीन लावणार, असं तिनं पोरीला तोंडावर सांगितलं हुतं. आता तिनं पोरीला उपाशी, अनवाणी नंदीच्या मागं लावली. त्यो थांबंल तवाच थांबायचं. भर उनात फरशी तापल्याली, पोरीच्या टाचा फुटल्या. बया वट्यावर बसून पदर नीट घे म्हणून वरडत हुती. आन वीरेश? नवरा म्हणं ह्यो! मोबाईलवर शूटिंग काढत हुता. मी मधी पडले तर, तुझ्या घरात पोरं हायत, तुला काय कळतंय, असं बसम्माक्कानं मलाच सुनावलं.

दिवस कलताना वासरू भिंतीवर धडकलं आन जाग्यावर मेलं. बसम्माक्कानं सुनंच्या झिंज्या धरल्या. "नंदी खाल्लास की गं, पांढऱ्या पायाचे."

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरनं डोकं उघडलं. मेंदूवर लिंबाएवढा पाण्याचा फोड, आत कणीसारखे पांढरे ठिपके. कुत्र्याच्या पोटातल्या जंताचा हाय म्हणाला. अंडी गवतावरनं पोटात जात्यात, फोड मेंदू दाबतो, मग जनावर एकाच अंगाला फिरतं, भ्या इसरतं. सगळ्यांनी बघितलं. मला वाटलं, सुटली पोर. बसम्माक्का नाकाला पदर लावून म्हणाली, हिची नजर लागली म्हणूनच किडा पडला. गावानं माना डोलावल्या. मुडदा बशिवला त्यांचा.

पोरीला माहेरी धाडली. फाट्यापतूर सोडाय मीच गेले, दुसरं कोण जाणार? टाचंला फडकी बांधल्याली, चालवत न्हवतं. एसटी आली तसा तिनं माझा हात धरला.

"मावशी, नंदी माझ्यामुळंच मेला न्हवं?"

माझं टाळकंच सरकलं. एक ठेवून द्यावी वाटलं. "आगं, डॉक्टरनं किडा दाखवला की तुला."

"व्हय, बघितला," ती म्हणाली. मग पायरीवर पाय ठेवून हळूच इचारलं, "माहेरी वहिनी पोटुशी हाय. तिच्या म्होरं गेले तर चालंल का मी?"