तिकडे असं असतं

चोवीस वर्षं मी शाळेत परदेशी भाषा शिकवते आणि चोवीस वर्षांत त्या देशातल्या एकाही माणसाशी माझं बोलणं झालेलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं, कारण माझा थाटच तसा होता. "तिकडे असं चालत नाही," "तिकडे मुलं पाहुण्यांसमोर खाजवत नाहीत," असं मी उठताबसता म्हणायचे. पालक तर धरूनच चालले होते की बाई तरुणपणी तिकडे चारपाच वर्षं राहून आल्या असणार. मी कधी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

ही मूठ उघडायला निघाले आमचे मुख्याध्यापक. त्यांना मुलं मागून 'फीत' म्हणतात. दिसेल त्या वस्तूला फीत लावून कापायची त्यांना हौस. एकदा नवीन पिंपाचंही उद्घाटन केलं होतं त्यांनी. तर हे फीतसाहेब एक दिवस माझ्या वर्गात मोठा पडदा आणि कॅमेरा बसवून मोकळे झाले.

"बाई, आता थेट तिकडच्या वर्गाशी बोलायचं! तिकडची मुलं आपली भाषा शिकतायत, आपली त्यांची. भाषाही होईल आणि संस्कृतीही. गुरुवारी पहिला संवाद."

"एवढ्यात कशाला? मुलांची तयारी..."

"मुलांचं काय, तुम्ही आहात ना! आणि तपासनीस बाई त्यांच्या ऑफिसातून बघणार आहेत. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून हा विषय टॅबवर. टॅबमध्ये तिकडच्याच माणसांचे आवाज असतात म्हणे. तुम्हाला ग्रंथालय देऊ. तिथे शांतताही असते."

शांतता! मला जिवंत गाडायची भाषा, आणि वर शांततेचं आमिष. पण खरी भीती ग्रंथालयाची नव्हती. मी पुस्तकातून शिकले, पुस्तकातून शिकवलं. समोरच्याला माझा शब्दही कळला नाही तर? चोवीस वर्षं मी पोरांना भलतंच काहीतरी शिकवून बाहेर काढलं असेल तर? त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. आमचे हे म्हणाले, "एवढं काय त्यात? कळलं नाही तर जोरात बोल. एरवी बोलतेसच."

उपाय सापडला तो नणंदेकडे. तिचं लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान आहे. ती म्हणाली, "वहिनी, समोरासमोर बोलायचंच कशाला? आधीच रेकॉर्डिंग करा. चुकलं की परत घ्यायचं. मी सगळं जोडून देते. त्या दिवशी फक्त बटण दाबायचं, तिकडच्यांना काय कळतंय!"

मला हे पाप वाटलं. पण साधारण पाच मिनिटंच वाटलं.

दोन्ही शाळांनी प्रश्नोत्तरं आधी ठरवलेलीच होती. तुमच्या शाळेची वेळ काय, घरी कोण कोण असतं, पाहुणे आले की काय करता, असले सगळे निरुपद्रवी प्रश्न. आमच्या बाजूचं चित्रीकरण तीन दिवस चाललं. "आमच्या घरी पाहुण्यांना आधी पाणी देतात" हे वाक्य वर्गातल्या सगळ्यात लाजऱ्या मुलीकडून एकोणीस वेळा म्हणवून घेतलं. शेवटी तीच म्हणाली, "बाई, एवढ्या वेळात पाहुणे निघून गेले असतील."

गुरुवार उजाडला. फीतसाहेब टाय लावून तपासनीस बाईंच्या ऑफिसात जाऊन बसले. वर्गात मी आणि माझी बत्तीस रत्नं. संगणकावरून रेकॉर्डिंग सुरू केलं, वर्गाच्या कॅमेऱ्यावर रुमाल टाकला आणि मुलांना दम भरला की ब्र काढाल तर याद राखा. पडद्यावर तीन चौकटी उमटल्या. एकीत तपासनीस बाई, त्यांच्या खांद्यामागे फीतसाहेबांचा अर्धा चेहरा. दुसरीत आमचं रेकॉर्डिंग. तिसरीत तिकडचा वर्ग, सगळी मुलं एका रेषेत, केस चापून बसवलेले. मला वाटलं, बघा, मी म्हणत होते ना, तिकडे असं असतं.

आमच्या चौकटीत लाजरी बोलायला लागली आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या.

नणंदेनं सवयीनं लग्नाचं सगळं सामान घातलं होतं! लाजरीभोवती बदामाची चौकट आली. वर्गातला दांडगोबा दरवाज्यातून संथ गतीने चालत आला, केस उडवत. मी कपाळाला हात लावला.

"हे वर्गात वरून काय पडतंय?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"सजावट आहे," फीतसाहेब ताबडतोब म्हणाले. "आमच्या शाळेची खास. मी उद्घाटन केलं होतं."

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीनं माझा पदर ओढला. "बाई, त्यांचं घड्याळ बघा. मघाशी सव्वादहा वाजले होते, आता पावणेदहा वाजलेत."

मी बघितलं. पुढचं उत्तर देणाऱ्या मुलाच्या डोक्यावर घड्याळात सव्वाअकरा. त्याच्या पुढचीला पुन्हा दहा. आणि आमच्या मुलानं "तुमच्या घरी कोण कोण असतं?" विचारायच्या आधीच तिकडची मुलगी आमच्या भाषेत सांगून मोकळी झाली होती, "आई, बाबा, आजोबा आणि एक कासव."

अरे लबाडांनो! तेही रेकॉर्डिंगच होतं. त्यांचं रेकॉर्डिंग आमच्या रेकॉर्डिंगशी संस्कृतीची देवाणघेवाण करत होतं. खरं सांगते, मला राग यायच्या आधी बरं वाटलं. सातासमुद्रापार आपल्यासारखंच कुणीतरी घाबरलेलं आहे, याचं.

तपासनीस बाई मात्र उगाच तपासनीस झालेल्या नव्हत्या. "दोन्ही वर्गांनी डावा हात वर करा," त्या म्हणाल्या, आधी आपल्या भाषेत, मग कागदावर बघत तिकडच्या भाषेत.

एकही हात वर झाला नाही. आमच्या चौकटीत नुसत्या पाकळ्या पडत राहिल्या.

"जे काही लावलंय ते दोघांनी बंद करा. आत्ता."

मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि रुमाल काढला. तिकडूनही कुणीतरी तेच केलं असावं, कारण दोन्ही चौकटींत एकदम खरं चित्र आलं. माझी रत्नं बाकांवर उभी राहून पडद्याला वाकुल्या दाखवत होती. दांडगोबा बाकाखाली होता. आणि तिकडे? तिकडे दोन मुलं एका दप्तराची ओढाओढ करत होती, कासववाली सफरचंद खात होती, एक पोरगा चक्क कपाटावर चढून बसला होता, आणि टक्कल पडलेले एक सर हातात वायर धरून खुर्चीवर उभे होते. आमच्यांना बघून त्यांनीही जिभा काढल्या. आमच्यांनी उत्तर दिलं. कागदी विमानं निघाली. दोन्ही देशांची संस्कृती उतू जायला लागली.

मग माझं डोकं फिरलं. तासाला मी रागावते ते तिकडच्याच भाषेत. मुलांच्या कानावर शब्द पडावेत म्हणून लावलेली सवय, आता मोडत नाही. मी टेबलावर हात आपटला आणि पोटातून ओरडले, "जागेवर बसा! सगळे! हात बाकावर! तोंड बंद!"

माझं एकही पोर हललं नाही. त्यांना चोवीस तास तेच ऐकायची सवय.

पण पडद्यावरचा वर्ग धपकन खाली बसला. सगळाच्या सगळा. हात बाकावर, तोंडं बंद. कासववालीचा घास गालात तसाच राहिला. कपाटावरचा सुरसुर उतरला आणि बाकावर बसून हात जुळवून माझ्याकडे बघायला लागला. इतकंच काय, सरसुद्धा खुर्चीवर बसले.

मी टेबल घट्ट धरलं. त्यांना कळलं होतं! शब्द न् शब्द कळला होता. पुस्तकातली माझी भाषा हजारो मैलांवरच्या एका वांड कार्ट्याला कपाटावरून खाली उतरवू शकत होती. मला इतका आनंद झाला की रागावलेलं तोंड सांभाळणं कठीण झालं.

ते सर उठून कॅमेऱ्याच्या इतके जवळ आले की पडद्यावर नुसतं नाक उरलं. ते आमच्या भाषेत बोलले, एकेक शब्द निवडून. "आदरणीय बाई, क्षमा असावी. मी ही भाषा सतरा वर्षे शिकवीत आहे, परंतु ती बोलणारा मनुष्य आज प्रथमच पाहत आहे. मला फार भय वाटले." नाक थोडं मागे गेलं. "माझे विद्यार्थी माझे ऐकत नाहीत. आपण दर गुरुवारी येऊन त्यांजवर रागवावे, ही नम्र विनंती."

"येईन," मी त्यांच्या भाषेत म्हटलं. "माझीही ऐकत नाहीत. तुम्ही बघा प्रयत्न करून."

सरांनी घसा साफ केला. "बालकांनो, स्थानापन्न व्हा!"

असं माझ्या रत्नांना जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. बत्तीसच्या बत्तीस आश्चर्यानं खाली बसली. दांडगोबा बाकाखालून बाहेर येऊन बसला.

तपासनीस बाई बराच वेळ काही लिहीत होत्या. फीतसाहेबांचा अर्धा चेहरा त्या कागदात डोकावायला बघत होता.

"रेकॉर्डिंगबद्दल दोघांचीही खरडपट्टी निघणार आहे," त्या म्हणाल्या. "ती नंतर. बाई, मला एक सांगा. तुमचं ऐकून तिकडचा सगळा वर्ग खाली बसला. तुम्ही तिकडे किती वर्षं होतात?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. तिकडचाही. नेहमीसारखं गालातल्या गालात हसून वेळ मारून नेता आली असती.

"एकही दिवस नाही," मी म्हटलं. "आजवर तिकडच्या कुणाशी बोललेही नव्हते."

पहिल्या बाकावरची मुलगी आ वासून बघत राहिली. तपासनीस बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"मग आता दर गुरुवारी जात जा," त्या म्हणाल्या.